मापाचा ब्लाउज आणि खाकी कागद

सिल्वासात ब्लाउज शिवायला टाकताना बायका कापडासोबत एक जुना ब्लाउजही पिशवीत घालून नेतात. मापाचा ब्लाउज. ‘याच्यासारखाच, फक्त बाही दोन बोटं लांब,’ एवढं सांगितलं की झालं. किलवणी नाक्यावर काय, नरोलीत काय, किंवा हद्द ओलांडून डहाणू-पालघरकडे काय, रीत हीच. टेप निघतो तो नव्या गिऱ्हाइकासाठी.

आता त्याच गल्ल्यांत दुसरा एक पंथ दिसू लागला आहे. मोबाइलवर कटिंग शिकलेल्या, घरच्या मशीनवर स्वतःपुरतं शिवणाऱ्या मुलींचा. कापडाला कात्री लावण्याआधी त्या कागद कापतात, चिरतात, फाकवतात आणि चिकटपट्टीने पुन्हा जोडतात. पॅटर्न आपल्या अंगाप्रमाणे बदलून घेणं म्हणजेच शिवणकाम, मशीन चालवणं ही नंतरची मजुरी, असं त्यांचं म्हणणं. जुन्या शिवणाऱ्यांना हे सगळं रिकामटेकड्यांचं काम वाटतं.

खालचा संवाद मी या दोन बाजूंच्या बोलण्यावरून रचला आहे. मावशी शिवणक्लास चालवते. दादरला शिकून लग्नानंतर इकडे आली. भाची मसाटच्या एका धागा कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करते. दोघी कल्पित आहेत, वाद खरा आहे. मी मध्ये मध्ये तोंड घालणार आहे, आणि मी तटस्थ नाही.

मावशी : जो ब्लाउज अंगात नीट बसलाय, वापरून वापरून अंगाचा झालाय, त्याच्यापेक्षा खरं माप कुठलं गं? टेप तर आज एक सांगतो, उद्या एक. बाई श्वास रोखून उभी राहते, पोट आत घेते. ब्लाउज खोटं बोलत नाही.

भाची : ब्लाउज अंगात बसलाय की बाईने त्याच्याशी जुळवून घेतलंय? काल जो मापाचा ब्लाउज आला, त्याच्या डाव्या खांद्याला आतून सेफ्टी पिन होती. ती पिन काढून ठेवलीस आणि तोच ब्लाउज कापडावर पसरून कापलास. नव्यालाही पिनच लागणार.

मावशी : खांदा पाव इंच आत घेतलाय मी.

भाची : दोन्ही खांदे घेतलेस. उतरत होता एकच.

मावशी : कापड दुमडून कापतो आपण. डावं-उजवं एकदमच निघतं.

भाची : कापड दुमडतं, मावशी. बाई दुमडत नाही.

मावशी : बोलायला बरं वाटतं. दिवाळीच्या आधी एकेकीचा डावा खांदा वेगळा, उजवा वेगळा कापत बसले तर पाडव्याला ब्लाउज देईन. आणि ती पिन बाईला खुपत नाहीये. खुपते तुला.

मावशीचा हा टोला मला पूर्णपणे खोटा वाटत नाही. न बसणाऱ्या कपड्याची आपल्याला इतकी सवय आहे, की दोष आपण कपड्याला न देता अंगाला देतो. ‘माझे खांदेच उतरते’, ‘माझं पोटच सुटलंय’. पिन ही त्या कबुलीची खूण. भाचीच्या पंथाचं मोल इथेच आहे. तो दोष पुन्हा कागदाकडे नेऊन ठेवतो.

भाची : बरं, मापाचा ब्लाउज नसला तर तू काय करतेस?

मावशी : टेपने छाती घेते. आम्ही झारापकरांच्या पद्धतीने शिकलेलो. पुस्तक अजून आहे माझ्याकडे, पानं सुटी झालीत. छातीचा चौथा हिस्सा, त्यात सैलपणा, मुंढ्याची खोली छातीच्या हिशेबात, पुढचा गळा, मागचा गळा. एक छाती नीट घेतली की निम्मा ब्लाउज त्यातून निघतो.

भाची : तिथेच माझा आक्षेप आहे. दोन बायका धर. दोघींची छाती ४०. एकीची पाठ रुंद, खांदे रुंद, पुढे भर कमी. दुसरीची पाठ लहान, खांदे अरुंद, सगळा भर पुढे. टेप दोघींभोवती सारखाच फिरतो. तुझ्या हिशेबात दोघींना मुंढाही तोच आणि खांदाही तोच. पहिलीला ब्लाउज बसतो. दुसरीचा गळा फाकतो, खांदा उतरतो, काखेत झोळ येतो, आणि एवढं सगळं ढगळ असून पुढचे हुक मात्र ताणलेलेच.

मावशी : आणि ती मला म्हणते, सगळीकडून आत घ्या पण पुढून सोडा.

भाची : बरोबर म्हणते! तिला ३६ चा ब्लाउज हवाय, पुढे जागा ४० ची. म्हणून दोन मापं घ्यायची. एक वरची छाती, टेप काखेतून वर घेऊन. दुसरी पूर्ण छाती. खांदा, गळा, मुंढा, पाठ सगळं वरच्या छातीवरून काढायचं. पुढे जेवढं कमी पडेल तेवढंच पुढे वाढवायचं.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ साली मापावार कागदी नमुने विकायला काढले, तेव्हापासून पॅटर्न विकणाऱ्या प्रत्येकाला एक कल्पित बाई ठरवावी लागली आहे. अमेरिकेतल्या मोठ्या पॅटर्न कंपन्यांची बाई अशी, की तिच्या वरच्या आणि पूर्ण छातीत दोन इंचांचा फरक असतो. फरक तीन-चार इंचांचा असेल तर पाकिटावरचा आकडा बघून घेतलेला पॅटर्न खांद्यावरून घसरणारच. आपल्या बाजारात ३२, ३४, ३६ असे आकडे घातलेले ब्लाउजचे तयार पेपर कटिंग मिळतात, त्यांचीही गोष्ट हीच. आकडा एक, त्यामागे गृहीत धरलेली बाई एक, आणि विकत घेणाऱ्या शंभर.

मावशी : मग वाढव बघू पुढे. कसं वाढवतेस?

भाची : हा पुढच्या भागाचा कागद, अर्धा. टक्स जिथे टोकाला येतात तो बिंदू हा. बिंदूतून खाली कमरेपर्यंत एक रेघ, उभ्या धाग्याला समांतर. बिंदूतूनच वर, मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याकडे दुसरी. आणि काखेखालच्या बाजूच्या शिलाईपासून बिंदूपर्यंत तिसरी. आता खालून कापत वर यायचं, बिंदूपाशी वळायचं, मुंढ्याकडे जायचं आणि शिलाईच्या रेघेवर थांबायचं. तिथे दोराभर कागद जोडलेला राहू द्यायचा. तिसरी रेघ बाजूने कापत बिंदूपर्यंत आणायची, तिथेही दोराभर ठेवायचं.

मावशी : कागदाचे हाल केलेस.

भाची : आता बाजूचा तुकडा हळूच बाहेर सरकव. समज, एकूण दोन इंच वाढवायचेत. मग इथे फक्त एक इंच. कागद अर्ध्या भागाचा आहे, दुसरा इंच पलीकडच्या अर्ध्यात येतो. मधली फट बिंदूपासून खाली एक इंच उघडली. बाजूला बघ, तिथली चीरही आपोआप फाकली. तो झाला बाजूचा टक्स. कापडाला उंचवट्यावरून जायला जी जादा लांबी लागते ती तिथून मिळते. बाजूचा तुकडा खाली घसरलाय, म्हणून मधला भाग खाली आखूड दिसतो. तो आडवा कापून तेवढाच खाली उतरवायचा आणि तळ एका रेघेत आणायचा. खाली दुसरा कागद लावून चिकटपट्टी मारली की झालं.

मावशी : कमरेलाही इंच वाढला की.

भाची : तो खालच्या टक्समध्ये घ्यायचा.

मावशी : (मुंढ्यावर बोट फिरवत) मुंढा तसाच राहिला.

भाची : मुंढा, खांदा, गळा, कशाचीच लांबी बदललेली नाही. त्यामुळे बाहीही आहे तीच लागेल.

मावशी : हं. पण कटोरीत आम्ही हेच तर करतो! पाठ ३६ ची, मुंढा ३६ चा, कटोरी तेवढी मोठी. कागद न फाडता. भर जास्त असलेल्या बाईला मी साधा चार टक्सचा ब्लाउज शिवतच नाही, कटोरीच सांगते. कटोरी आडवी धर, उरेब धर, तिला जागा देता येते.

भाची : म्हणजे तुला ठाऊक होतं.

मावशी : ठाऊक होतं म्हणून तर सांगते. तुमच्या व्हिडिओवाल्यांना वाटतं, त्यांनीच शोध लावला.

या फेरीत मी मावशीला गुण देते. कटोरी हा आपल्याकडच्या शिंपीकामातला मोठा उपाय आहे. पुढच्या भागाचे तुकडे पाडून जिथे भर आहे तिथला तुकडा वेगळा कापायचा, म्हणजे बाकीच्या ब्लाउजला धक्का न लावता तेवढाच लहान-मोठा करता येतो. प्रिन्सेस कटमध्येही तेच होतं, शिवण बिंदूवरून नेऊन तिच्या बाकात जागा दडवलेली असते. पण ही युक्ती मावशीकडे पुढच्या भागापुरती आहे. पाठीला आणि खांद्याला ती कटोरी लावू शकत नाही. तिथे ती शिलाई आत-बाहेर करते.

आता मुंढा. कोणत्याही शिवणक्लासात बाचाबाची व्हायची असेल तर ती इथे होते.

मावशी : कंपनीत कामाला जाणाऱ्या बायका येतात. दिवसभर हात वर, रॅकवरची बॉबिनं काढायची-लावायची. काखेत काचतं म्हणतात. मी मुंढा अर्धा इंच खोल करते. मोकळं वाटतं.

भाची : दुकानात हात खाली असताना मोकळं वाटतं. हात वर केला की सगळा ब्लाउज वर चढतो. मुंढा खोल म्हणजे बाही अंगाला जोडलेली जागा खाली गेली. हात वर गेला की ती जागा वर ओढली जाते आणि बाजूची शिलाई सोबत जाते. मुंढा काखेला जवळ ठेवला तर बाहीच तेवढी हलते, अंग जागेवर राहतं.

मावशी : उलटंच सांगतेस. लहान मुंढा काचणार नाही?

भाची : काचतो तो बहुतेक वेळा पुढून अरुंद पडतो म्हणून, नाहीतर दंडाला बाही घट्ट म्हणून. बाही रुंद कर, मुंढा खोल करू नको.

मावशी : आणि बाही रुंद केली की तिचा वरचा गोल वाढतो, मुंढ्यात चुण्या येतात. तेव्हा?

भाची : गोलाची उंची थोडी कमी करायची, म्हणजे गोलाची लांबी मुंढ्याएवढीच राहते.

हे कोणालाही आरशासमोर ताडून बघता येईल. दोन ब्लाउज घ्या, एक खोल मुंढ्याचा, एक जवळच्या. एकेक घालून हात वर करा. भाचीचं म्हणणं खरं आहे. तरी बहुतेक दुकानांत मुंढा खोलच कापला जातो, कारण खोल मुंढा कोणालाही अंगात चढतो. गिऱ्हाईक परत येत नाही. कपडा परत न येणं आणि कपडा नीट बसणं यांत अंतर आहे, आणि धंदा पहिल्यावर चालतो.

मावशी : तू कागद कागद करतेस, पण अंग काय एका जागी थांबतं? लग्नाच्या वेळचा ब्लाउज बाळंतपणानंतर होत नाही. म्हणून मी आत मार्जिन ठेवते. दोन बाजू, प्रत्येक बाजूला पुढची आणि मागची कड, म्हणजे चार कडा. प्रत्येक कडेला अर्धा इंच सोडला की दोन इंच मिळतात. उसवा, सोडा, पुन्हा मशीन मारा. पाच मिनिटांचं काम. तुमच्या त्या रेडिमेडमध्ये ओव्हरलॉकच्या बाहेर दोराभरही कापड नसतं. अंग वाढलं की ब्लाउज कामवालीला.

भाची : मार्जिन हवंच, त्याला मी नाही म्हणत नाही. पण सोडलेले दोन इंच मिळतात कुठे? काखेखाली. वाढलेलं असतं पुढे. बाजू सैल आणि हुक ताणलेलेच. शिवाय आता येणारं कापड बघ. सुती असेल तर जुन्या शिलाईची भोकं धुतल्यावर बुजतात. पॉलिस्टरमध्ये ती दिसत राहतात.

मावशी : ते मात्र खरं. सॅटिनच्या ब्लाउजला उसवलेली रेघ काही केल्या जात नाही.

भाची : आम्ही कारखान्यात तेच करतो दिवसभर. धाग्याला पीळ द्यायचा, पिळलेला असतानाच तापवायचा, थंड करायचा आणि पीळ उलटा सोडायचा. तापलेला असताना जो आकार मिळाला तो धागा धरून ठेवतो. त्यातूनच कुरळेपणा येतो, फुगीरपणा येतो. तो धागा पुढे तुझ्या पाण्याच्या शिंतोड्याला आणि इस्त्रीला दाद देत नाही. जास्त तापवलीस तर चकाकतो, आणखी तापवलीस तर वितळतो.

सिल्वासाच्या आसपासच्या औद्योगिक वसाहतींतून देशातल्या टेक्श्चराइज्ड पॉलिस्टर धाग्याचा मोठा वाटा बाहेर पडतो. करसवलतींमुळे हे कारखाने इथे आले आणि त्यांच्यामागे देशभरातून कामगार आले. मावशीच्या हातातली कला मुळात सुती कापडावर वाढलेली आहे. सुती कापड ओलं करून, किंचित ताणून, इस्त्रीखाली थोडंफार वळवता येतं. कटिंगमधली लहानसहान चूक ते पोटात घालतं. पॉलिस्टर घालत नाही. जिथे पुढच्या भागात जागा कमी, तिथे ते आडवं ताणलं जातं आणि रात्री धुऊन सकाळी वाळल्यावर पुन्हा तसंच ताणायला तयार असतं. म्हणून मला वाटतं की भाचीचा कागदाचा आग्रह ही मोबाइलची हौस नाही. बदललेल्या कापडाने तो आग्रह धरायला लावला आहे. कापड मनधरणी ऐकत नसेल, तर ते कापण्याआधीच सगळं ठरवून घ्यावं लागतं.

मावशी : माझ्या आजीची चोळी बघितली असतीस. खणाची, पुढे गाठ. हुक नाही, बटण नाही, टक्स नाही. सात मुलं झाली तिला. तीच चोळी.

भाची : ती गाठ रोज नव्याने मारायची ना? म्हणजे आजी रोज सकाळी ब्लाउज अल्टर करत होती.

मावशी : (हसत) हे मात्र बरं सुचलं तुला.

इकडच्या वारली बायकांचं गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडंही त्यातलंच. नेसलेलं वस्त्र नेसतानाच अंगाचं होतं. हुक आले, गाठ गेली, आणि माप एकदाच घेऊन कायमचं ठरवणं आलं. तेव्हापासून ही कटकट सुरू आहे.

मावशी : मला एक कळत नाही. एवढी मोठमोठी माणसं मापं काढतात, तक्ते करतात. त्यांना सगळ्यांना बसेल असं सरासरी माप काढता येत नाही?

भाची : काढलं होतं. अमेरिकेच्या हवाई दलात १९५० साली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या लेफ्टनंटने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. त्यांतली १० मापं निवडली, छाती, कंबर, हात, असली. प्रत्येकात सरासरीच्या जवळपास किती जण बसतात ते बघितलं. दहाच्या दहा मापांत सरासरी निघाला असा एकही नाही.

मावशी : विमानवाल्यांचं आणि ब्लाउजचं काय?

भाची : तेच की. त्यांची खुर्ची सरासरीवर बेतलेली होती आणि ती कोणालाच होत नव्हती. शेवटी पुढे-मागे सरकणारी खुर्ची केली.

बायकांच्या मापांचीही अशी मोजणी तिथे झाली होती, १९३९-४० मध्ये. सुमारे १५,००० स्त्रिया, प्रत्येकीची ५९ मापं. तक्ते करताना त्यांतल्या फक्त गोऱ्या स्त्रियांची मापं धरली, आणि पुढची कित्येक वर्षं रेडिमेडचे आकडे त्याच मोजणीच्या पायावर उभे राहिले. आपल्याकडे निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेने देशभरातल्या २५,००० हून अधिक लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यातून भारतीय तक्ता येईल, रेडिमेडवाल्यांची सोय होईल. पण कितीही चांगला तक्ता पहिली इयत्ताच राहणार. त्यात कोणाचा डावा खांदा उतरता आहे याची नोंद नसते.

भाचीच्या बाजूने मी एवढं बोलल्यावर तिची एक फजितीही सांगायला हवी. तिने आईसाठी ब्लाउज शिवला. वरची छाती, पूर्ण छाती, कंबर, दंड, सगळं घेऊन, कागद दुरुस्त करून. ब्लाउज मागून वर चढत होता आणि पुढून गळा घशाशी येत होता.

भाची : मी गळा मोठा करणार होते.

मावशी : गळ्याला हात लावू नकोस. तुझ्या आईला बाजूने उभी कर. बघ, वरच्या पाठीला बाक आलाय. वय झालं की पाठीची लांबी वाढते आणि पुढची कमी होते. कापड मागे कमी पडतंय, म्हणून ते पुढचं ओढून घेतंय. गळा कापलास तर गळा मोठा दिसेल आणि ब्लाउज तरीही चढेल.

भाची : तुला हे कशावरून कळलं?

मावशी : दारातून आत येताना कळतं. पर्स कुठल्या खांद्याला आहे, मान कुठे आहे, पोट आधी येतं की छाती. आणि घातलेल्या कपड्यावर चुण्या कुठे पडल्यात. ताणलेली चुणी जिकडे बोट दाखवते तिकडे कापड कमी असतं. सैल घडी पडते तिथे जास्त असतं. उभी सैल घडी म्हणजे रुंदी जास्त, आडवी सैल घडी म्हणजे लांबी जास्त. मागे मानेखाली आडवी घडी दिसली तर खांदे चौकोनी समज. हे तुझ्या कागदावर कुठे लिहिलंय?

भाची : कागदावर नाही लिहिलेलं. पण आता कागदावर काय करायचं ते मला कळलं. पाठीच्या कागदाला खांद्याच्या पातळीखाली आडवं चिरायचं, मधून मुंढ्याकडे, मुंढ्याशी जोडलेलं ठेवायचं, मधे अर्धा इंच उघडायचं. मधली रेघ सरळ केली की गळ्यात जे जादा येईल ते लहानशा टक्समध्ये घ्यायचं. पुढच्या भागाची उंची तेवढी कमी.

मावशी : आणि उतरत्या खांद्याला?

भाची : कागद दुमडून अर्धा ठेवायचा नाही, पुरता काढायचा, डावा वेगळा आणि उजवा वेगळा. जो खांदा उतरता, त्याचं बाहेरचं टोक पाव इंच खाली, आणि मुंढ्याचा तळही तेवढाच खाली. नाहीतर मुंढा लहान होतो.

मावशी : हे कळलं ना? मग त्या पिनवाल्या बाईचा कागद तूच काढ.

वाद खरं तर इथे संपायला हवा होता. पण मावशीच्या हातात अजून पैशाचा मुद्दा होता.

मावशी : तू म्हणतेस मांजरपाटाचा नमुना शिवून आधी अंगावर बघायचा. त्या मांजरपाटाचे पैसे कोण देणार? वेळाचे? शिलाई वाढवली तर बाई स्ट्रेचचा तयार ब्लाउज घेऊन मोकळी होते. इथे निम्मं गाव तर एकटे राहणारे कामगार. २०११ च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीत हजार पुरुषांमागे ७७४ बायका होत्या. अल्टरवाल्यांकडे रांग पँटची उंची कमी करायची असते. ब्लाउजची नाही.

भाची : रोजच्या गिऱ्हाइकाचा कागद एकदाच काढ. नाव आणि तारीख टाकून खिळ्याला अडकव. दुसऱ्या ब्लाउजपासून तुला टेपही लागणार नाही, मापाचा ब्लाउजही नाही आणि ट्रायलही नाही. पँटचंही तेच. पूर्वीचे शिंपी पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच सोडायचे, रेडिमेडमध्ये ते नसतं. म्हणून तर त्या रांगेत फक्त उंची कमी होते. सीट सोडून कोणी देत नाही.

मावशी : आणि तो रद्दीवाल्याच्या दुकानासारखा कागदांचा ढीग सांभाळायचा कोणी?

भाची : आत्ता मापाच्या ब्लाउजांचा ढीग सांभाळतेसच की. हरवले की भांडणंही सोसतेस.

मावशीने यावर काही उत्तर दिलं नाही, आणि मलाही सुचलेलं नाही. माझा कौल सांगते. दोष ओळखायला मावशी हवी, दोष दुरुस्त करायला कागद हवा. त्यातही आधी कागद शिकावा, कारण मावशीचा डोळा वर्षानुवर्षं बायका बघून तयार होतो आणि तो क्लासात मिळत नाही. कागद दोन रविवारांत शिकता येतो, आणि त्याच्यावर काम करता करता डोळाही थोडा उघडतो. मापाच्या ब्लाउजावरून मात्र या दोन्हींतलं काहीच शिकता येत नाही. त्याच्यावरून फक्त तोच ब्लाउज पुन्हा निघतो, त्याच्या पिनेसकट.

सुरुवात करणाऱ्यांनी रेशमी ब्लाउजपीसला हात लावू नये. मीटरभर मांजरपाट आणा, तो आधी धुवा, वाळवा, इस्त्री करा, कारण न धुतलेलं सुती कापड आटतं आणि सगळं गणित चुकवतं. पॅटर्न मोबाइलवरून घेऊन ए-४ कागदांवर छापत असाल, तर त्यावरचा मापाचा चौकोन पट्टीने मोजा. तो ५ सेंटिमीटरचा सांगितला असेल आणि पावणेपाच भरला, तर सगळा पॅटर्नच लहान छापला गेलाय. आकडा वरच्या छातीवरून निवडा. मांजरपाट मोठ्या टाक्यांनी जोडा, घाला, हात वर करा, वाका, खाली बसा. चुण्या बघून एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या तर कोणती लागू पडली ते कळत नाही. शेवटच्या ब्लाउजात मावशीचं मार्जिन ठेवा. आणि मापं घेताना टेप दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्या. स्वतःच स्वतःचं माप घेतलं की हात वर जातात, छाती उचलली जाते आणि पाठीचं माप खोटं येतं.